लेझरने चामखिळी जातात, विषाणू राहतो

किडनी ट्रान्सप्लांटनंतर गुप्तांगावर आलेल्या चामखिळी दोनदा गोठवूनही परत आल्या, आता डॉक्टर लेझर सुचवतायत, त्याने त्या कायमच्या जातील का, असं तुम्ही विचारलंय. त्वचारोग विभागात लेझरच्या टेबलाशेजारी मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून स्पष्टच सांगते. दिसतात त्या जातील. परत येणारच नाहीत, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

एचपीव्ही म्हणजे चामखिळी आणणारा विषाणू; त्याचे प्रकार, बहुतेकदा ६ आणि ११, चामखिळीभोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे शरीर त्यांना दाबून ठेवू शकत नाही. यात तुमच्या स्वच्छतेचा काही दोष आहे, हे आधी मनातून काढून टाका.

लेझरच्या आधी बायोप्सीचं, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासण्याचं, विचारा. प्रतिकारशक्ती कमी असताना १६, १८ हे कर्करोगाचा धोका असलेले प्रकारही सोबत असू शकतात. कार्बन डायऑक्साइड लेझर पेशींमधल्या पाण्यात शोषला जातो आणि चामखिळीची वाफ होते; मग तपासायला काही उरतच नाही. गुदद्वाराच्या आतूनही तपासणी करून घ्या, आणि स्त्री असाल तर गर्भाशयमुखाचीही.

प्रत्यक्षात जागा इंजेक्शनने सुन्न करतात. चामखीळ पांढरट-काळी होते, ती ओल्या गॉझने पुसायची, खालची कातडी दिसली की थांबायचं. आणखी खोल गेल्यास फायदा नाही, व्रण मात्र राहतो. त्या धुरात विषाणूचा डीएनए सापडतो, म्हणून धूर ओढणारी नळी अगदी जखमेजवळ धरलेली हवी आणि खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडावर एन-९५ मास्क हवा.

५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर चामखिळीच्या रक्तवाहिन्या बंद करतो. जखम कमी होते, पण उपचाराला बऱ्याच वेळा जावं लागतं. लहान, चपट्या चामखिळींना तो ठीक.

फोटोडायनॅमिक उपचारात एएलए नावाचं औषध काही तास लावून ठेवतात आणि मग लाल प्रकाश देतात. प्रकाश पडताना चांगलीच आग होते. तो खोल पोचत नाही, त्यामुळे जाड गाठी आधी लेझरने उतरवाव्या लागतात. सोय असेल तर हे दोन्ही मिळून करण्याबद्दल जरूर विचारा. आजूबाजूच्या कातडीलाही औषध लावता येतं, म्हणून मला हा मार्ग पटतो.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या स्वतःहून कमी करू नका, किडनी गमवाल. त्यातलं औषध बदलून सिरोलिमस हे दुसरं औषध द्यायचं की नाही, हे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. चामखिळींवर लावायचं इमिक्विमॉड क्रीम प्रतिकारशक्तीलाच जागं करून काम करतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत त्याचा गुण कमी येऊ शकतो; तेही त्यांना विचारल्याशिवाय लावू नका.

जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तोवर संबंध टाळा. ताप किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा. पहिले तीन महिने तपासणी चुकवू नका; नवीन चामखीळ बारीक असतानाच काढली तर जखमही बारीकच होते. एखादी कडक लागली, रक्त येऊ लागलं किंवा भरतच नसेल, तर पुन्हा लेझर मारण्याआधी पुन्हा बायोप्सी करून घ्या.