नादुरुस्त गाडी, दीड महिना आणि एक वेगळं खातं

प्रश्न असा आहे: "आमची गाडी आठ वर्षांची. कर्ज कधीच फिटलं. आता गिअरबॉक्सचं काम निघालंय आणि गॅरेजवाल्याने मोठा आकडा सांगितला. दुरुस्त करावी, ती देऊन नवीन घ्यावी, की गाडीच सोडून द्यावी, यावर घरात रोज चर्चा होते. मेट्रो स्टेशन चालत बारा मिनिटांवर आहे. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर सायकल मार्गिका होते आहे. तासावर भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांचा एक थांबाही जवळ आहे. घरात आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. गाडीवर महिन्याच्या उत्पन्नाच्या सात टक्के जातात. तेवढ्यासाठी हाताशी असलेली गाडी सोडणं शहाणपणाचं आहे का? भाड्याची गाडी दोनदा घेऊन पाहिली. दर वेळी पैसे देताना जिवावर आलं."

तुम्ही आकडे सविस्तर पाठवलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. तुमचं महिन्याचं उत्पन्न १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मांडतो.

आधी ते सात टक्के पाहू. त्यात इंधनाचे ५ आणि पार्किंगचे २ आहेत. विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच जातो म्हणून तो महिन्याच्या हिशेबात आला नाही. तो दीड. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि अधूनमधून निघणारी कामं यांची तुम्ही पाठवलेली तीन वर्षांची बिलं बेरीज करून महिन्यावर आणली तर २ होतात. राहिला घसारा. दुरुस्त होऊन चालू स्थितीत गाडीचे आज ३०० येतील, आणि वर्षाला साधारण १२ टक्क्यांनी ती उतरते आहे, म्हणजे महिन्याला ३. हेच ३०० सहा टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला दीड मिळाला असता. एकूण १५. तुमच्या अंदाजाच्या दुपटीहून थोडं अधिक.

यात तुमचं काही चुकलेलं नाही. जर्मनीत सुमारे सहा हजार कुटुंबांना स्वतःच्या गाडीच्या खर्चाचा अंदाज विचारला गेला होता. तो अभ्यास २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. इंधनाचा अंदाज लोकांनी जवळजवळ बरोबर सांगितला, पण घसारा, विमा, कर आणि दुरुस्ती यांत ते इतके खाली राहिले की एकूण खर्च त्यांना प्रत्यक्षाच्या निम्माच वाटत होता. पंपावर पैसे देताना हात खिशात जातो, म्हणून ते लक्षात राहतात. घसाऱ्याची पावती कोणी देत नाही.

तुमच्या "जिवावर आलं" याचं मूळही इथेच आहे, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. स्वतःची गाडी काढताना त्या फेरीचं फक्त इंधन डोळ्यांसमोर असतं, बाकी खर्च होऊन गेलेला असतो किंवा पुढे कधीतरी होणार असतो. भाड्याच्या गाडीत मात्र इंधन, विमा, पार्किंग आणि घसारा सगळं त्या एका बिलात एकदम समोर येतं. म्हणून स्वस्त पर्याय महाग वाटतो, आणि गाडी विकलेली माणसं वर्षभरात पुन्हा शोरूमची पायरी चढतात. मी हे अनेक घरांत पाहिलं आहे. आकडा बाजूने होता, पण रोजच्या छोट्या छोट्या पैसे देण्याने माणूस थकला.

यावर एक उपाय चांगला लागू पडतो. प्रवासाचं वेगळं बँक खातं उघडा. पगार झाला की ठरलेली रक्कम त्यात वळवा, आणि पास, टॅक्सी, भाड्याची गाडी, सायकलची दुरुस्ती हे सगळं त्याच खात्यातून द्या. त्या पैशाला प्रवासाखेरीज दुसरं काम नाही हे एकदा ठरलं की सासूबाईंना बहिणीकडे नेण्यासाठी टॅक्सी बोलावताना मन मागेपुढे होत नाही.

त्या खात्यात किती टाकायचे? तुमच्या सध्याच्या फेऱ्यांवरून माझा अंदाज असा: दोघांचे पास ३, तासावरची गाडी महिन्यातून तीन-चार वेळा अडीच, टॅक्सी २, सायकली (एक विजेवरची, एक साधी, खरेदी पाच वर्षांवर वाटून आणि देखभाल धरून) दीड, बाहेरगावच्या फेऱ्या १. एकूण १०.

पंधराच्या जागी दहा म्हणजे महिन्याला ५ वाचले असं वाटेल, पण थांबा. पंधरातले साडेचार, म्हणजे घसारा आणि न मिळालेलं व्याज, तुमच्या खिशातून दरमहा रोख जात नव्हते. रोख जात होते साडेदहा. उद्यापासून जातील दहा. म्हणजे महिनाअखेरीला शिल्लक जवळजवळ तेवढीच दिसेल, आणि तीन महिन्यांनी घरात कोणीतरी म्हणेल की गाडीही गेली आणि पैसेही वाचले नाहीत. त्या दिवसासाठी हे आत्ताच सांगून ठेवतो. तुमचा फायदा दोन ठिकाणी आहे: गाडीत अडकलेले ३०० बाहेर येतात आणि विरघळायचे थांबतात, आणि पुढची गाडी घ्यावी लागत नाही.

ही पुढची गाडी म्हणजेच या प्रश्नातली खरी मोठी रक्कम. तुम्ही पाहिलेल्या नव्या गाडीची किंमत १०००, म्हणजे दहा महिन्यांचं उत्पन्न. जुनीचे ३०० दुरुस्तीनंतर मिळाले असं धरून ७०० चं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता साडेचौदा. व्याजापोटीच साधारण १७२ जातील. इंधन ५, पार्किंग २, नव्या गाडीचा वाढीव विमा अडीच, सर्व्हिसिंग १. महिन्याला २५, रोख. उत्पन्नाचा चौथा हिस्सा. गाडीविना १० लागणार असतील तर दरमहा १५ चा फरक. पाच वर्षांत, व्याज अजिबात न धरता, ९०० आणि हातातले ३०० मिळून १२००. नव्या गाडीलाही तेव्हा काही किंमत असेल, समजा ४००. ती वजा केली तरी ८००. आठ महिन्यांचं उत्पन्न. मुलगी तेव्हा अठरा वर्षांची असेल, आणि तिच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे अपुरे आहेत हे तुम्हीच लिहिलं आहे. म्हणून नवीन गाडीला माझं स्पष्ट 'नाही' आहे.

दुरुस्त करून आहे तीच वापरणं आणि विकणं, यांतला निर्णय इतका एकतर्फी नाही. गॅरेजचा अंदाज ३० आहे. सांभाळलेली जुनी गाडी ही वाईट मालमत्ता नाही. तिचा घसाऱ्याचा मोठा घाव पहिल्या मालकीच्या वर्षांतच बसून गेलेला असतो.

पण एक संधी तुमच्या दारात उभी आहे: गाडी आत्ता चालतच नाही. ती तशीच दीड महिना राहू द्या. गाडी सोडून पाहण्याचा प्रयोग इतरांना महाग पडतो. तुम्हाला विमा आणि पार्किंगशिवाय काही लागणार नाही. या दीड महिन्यात प्रवासाचा प्रत्येक खर्च लिहा. त्यात तुमच्याकडच्या वाईट हवेचे काही आठवडे यायला हवेत, नाहीतर आणखी महिनाभर थांबा. वहीत दुसरा एक रकाना ठेवा: न गेलेल्या जागा. सासूबाईंनी देवदर्शन टाळलं का? मुलीने सरावाला दांडी मारली का? खर्च आठवर आला आणि त्यासाठी घरातलं म्हातारं माणूस घरातच बसून राहिलं, तर ती बचत मी बचत मानत नाही. हा रकाना सासूबाईंनाच विचारून भरा.

महिन्याचा आकडा बाराच्या आत आणि दुसरा रकाना जवळजवळ कोरा असेल तर विका. पंधराच्या वर गेला तर गाडी दुरुस्त करा आणि निर्धास्त वापरा. मधे आला तर घरात बसून ठरवा. त्यात माझं मत विकण्याकडे झुकेल. सासूबाईंना आठवड्यातून दोन-तीनदा उपचारांना न्यावं लागत असतं, तर मी हा प्रयोगही सुचवला नसता, गाडी ठेवा म्हटलं असतं.

आता पर्यायांच्या भरवशाबद्दल, कारण गाडी तुमच्या ताब्यात असते आणि पर्याय दुसऱ्याच्या.

मेट्रोचे रूळ सहसा कोणी उखडत नाही. सायकल मार्गिकेचं तसं नाही. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर २०२० मध्ये केलेली मार्गिका काही आठवड्यांत, त्याच डिसेंबरमध्ये काढून टाकली गेली. उलट स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये २००६ नंतरच्या चार-पाच वर्षांत सुमारे १२० किलोमीटरचं, वाहनांपासून वेगळं केलेलं आणि सलग जोडलेलं जाळं झालं, आणि जिथे सायकल जवळजवळ दिसत नव्हती तिथे ती रोजच्या वापरात आली. सलगपणा इथे कळीचा. नऊशे मीटर सुरक्षित आणि मग वाहत्या चौकात सोडून देणारी मार्गिका तुम्ही एकवेळ वापराल, मुलीला त्यावर पाठवणार नाही. तेव्हा तुमच्या रस्त्यावरचं काम पूर्ण होऊन तुम्ही स्वतः दोन आठवडे त्यावरून जाऊन येईपर्यंत सायकलची बचत हिशेबात धरू नका. नुसता पट्टा रंगवला आहे की मधे कठडा आहे, हेही पाहा. आणि विजेची सायकल ऑफिसात कुलपाखाली ठेवायला जागा आहे का, हे ती घेण्याआधी विचारा. चोरीला गेली तर दीडचा हिशेब कोलमडतो.

तासावरच्या गाड्यांची कल्पना जुनी आहे. झुरिकमध्ये १९४८ सालीच काही लोकांनी सहकारी तत्त्वावर गाड्या वाटून वापरायला सुरुवात केली होती. स्वित्झर्लंडमध्येच १९८७ मध्ये निघालेल्या दोन सहकारी संस्था १९९७ मध्ये एकत्र येऊन 'मोबिलिटी' झाली, आणि ती आजही चालू आहे. पॅरिसची 'ऑटोलिब' मात्र २०११ मध्ये गाजावाजात सुरू झाली आणि तोट्यामुळे २०१८ मध्ये बंद पडली. तिच्या भरवशावर गाडी विकलेल्यांना एका उन्हाळ्यात दुसरी सोय शोधावी लागली. म्हणून तुमच्या थांब्याची संस्था कोणाची आहे, किती वर्षं आहे, जागेचा करार किती काळाचा आहे याची चौकशी करा. करारात आणखी एक ओळ शोधा: अपघात झाला तर नुकसानीचा किती हिस्सा तुम्ही सोसायचा. हा आकडा बऱ्याचदा मोठा असतो आणि बारीक अक्षरांत असतो. थोडे जास्त पैसे भरून तो कमी करता येत असेल तर करा.

याच कारणाने विक्रीचे ३०० पहिलं वर्ष कशातही गुंतवून अडकवू नका. मुदत ठेवीत किंवा लगेच काढता येतील असे ठेवा. सोय बंद पडली, नोकरीची जागा बदलली, सासूबाईंची तब्येत बिघडली, तर त्यातून एक बरी वापरलेली गाडी रोखीने घेता येईल, कर्जाशिवाय. वर्ष नीट गेलं की ते मुलीच्या शिक्षणाच्या खात्याला जोडा. रात्री-अपरात्रीच्या दवाखान्याची काळजी तुम्ही लिहिली आहे. टॅक्सी आणि रुग्णवाहिकेचे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आणि सासूबाईंच्या उशाशी कागदावर हवेत. ही तयारी गाडी असतानाही हवी होती, कारण घाबरलेल्या माणसाने गाडी चालवू नये.

विकायचं ठरलं तर आधी दुरुस्ती करू नका. आहे त्या स्थितीत दोन-तीन ठिकाणी किंमत विचारा. दुरुस्तीनंतरचे ३०० वजा दुरुस्तीचे ३०, म्हणजे २७० च्या वर कोणी देत असेल तर तशीच द्या. विमा रद्द करण्यापूर्वी इतकी वर्षं दावा न केल्याचं लेखी प्रमाणपत्र कंपनीकडून घ्या. पुढे कधी गाडी घेतली तर ठरावीक मुदतीत त्यावर सवलत मिळू शकते. उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत मिळतो का, तेही विचारा. आणि नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत विमा चालू ठेवा.

दीड महिन्याची वही भरली की दोन्ही रकान्यांसह मला पाठवा. तुमच्या आकड्यांवर पुन्हा एकदा बसू.