घरात रात्री केमिकलचा वास येतो. चार हजारांचा टीव्हीओसी मीटर घेऊ की लॅबकडून हवा तपासून घेऊ?

डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागात राहता म्हणताय. मीटर घेऊ नका. तो हवेतल्या सगळ्या सेंद्रिय वाफांचा मिळून एकच आकडा दाखवतो. फोडणी, सॅनिटायझर, उदबत्ती, बेंझीन, त्या सेन्सरला सगळं सारखंच.

लॅबचं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण एका खासगी लॅबमध्ये मी जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारं मशीन, चालवायचे.

कर्जतच्या पुढे एका गावात बॅकग्राउंडचं, म्हणजे तुलनेसाठी स्वच्छ हवेचं, सॅम्पल घ्यायचं होतं. चहूकडे भातखाचरं, रस्त्याला वाहन क्वचितच. टेनॅक्स (वाफा धरून ठेवणारी भुकटी) भरलेली, पेन्सिलीपेक्षाही आखूड स्टीलची ट्यूब, मिनिटाला १०० मिली ओढणारा पंप, वेळ एक तास. म्हणजे ६ लिटर हवा. आपल्याकडे बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने ट्यूबमध्ये सापडणार जेमतेम ३० नॅनोग्रॅम. एवढ्याशा मालाला वाटेत कुठेही दृष्ट लागते.

रन लावला तर बेंझीन, टोल्यूइन, झायलीन, सगळी रांग उभी. फॅक्टरीच्या गेटवरच्या सॅम्पलपेक्षा गावचंच जास्त! मग फील्ड ब्लँक लावला, म्हणजे नुसती गावाला जाऊन आलेली, पंपाला न जोडलेली ट्यूब. त्यातही आलेखावर तेच पीक, म्हणजे उंचवटे, जवळपास तेवढ्याच उंचीचे. खाली जाऊन जीप उघडली. मागे धूळ मोजायच्या मशीनसाठी नेलेला जनरेटर, त्याचा पेट्रोलचा कॅन, बूच हरवलं म्हणून तोंडात प्लॅस्टिकची पिशवी कोंबलेली, आणि कॅनला टेकून आमचा ट्यूबचा डबा. पितळी टोप्या पान्याने आवळायच्या असतात. पोरांनी त्या नुसत्या हाताने फिरवलेल्या.

साहेब म्हणाले, "ब्लँक वजा कर आणि रिपोर्ट सोड." वजा करून उरतं काय, मी विचारलं. पुन्हा सॅम्पल घेऊ या. तर म्हणे ब्लँकचे पैसे पार्टी देत नाही, पुढच्या वेळी नेऊच नका. अहो, नेला नसता तर त्या गावाला आपण पेट्रोल पंप ठरवून मोकळे झालो असतो! हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

तेव्हा कोटेशन मागवताना फील्ड ब्लँकचा क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेला आलेख) देणार का, हे आधी विचारा. "गरज नसते" म्हणणाऱ्याला फोनवरच रामराम करा. शेजारी-शेजारी दोन ट्यूब वेगवेगळ्या फ्लोवर, म्हणजे हवा ओढायच्या वेगवेगळ्या वेगावर, लावायला सांगा. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर मोजमापातच गोंधळ आहे. आणि गाडीची डिकी उघडून बघा, लाजू नका.

हो, एक राहिलं. वास सडक्या अंड्यांसारखा असेल तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असू शकतो. टेनॅक्स तो धरत नाही, मग बेंझीनचा रिपोर्ट स्वच्छ येऊनही उपयोग शून्य. फॉर्माल्डिहाइडलाही वेगळी कार्ट्रिज लागते. शिवाय बेंझीनची ती ५ ची मर्यादा म्हणजे वर्षाच्या सरासरीचा आकडा; एका रात्रीचं मोजमाप त्याच्याशी ताडून कुणावर केस होणार नाही.

आणि तुमचा वास येतो रात्री दोनला, लॅबची माणसं येणार सकाळी अकराला. पंप रात्रभर तुमच्याकडे ठेवून जा म्हणावं. ब्लँकसकट.