विसर्ग: टिंबांचा आणि धरणाचा

घणसोलीच्या एका वाचकाने विचारले आहे: बातम्यांत 'धरणातून पाच हजार क्युसेक प्रतिसेकंद विसर्ग' ऐकतो. विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबे ना? मग इथे 'विसर्जन' हवे का? आणि नदी जगावी म्हणून धरणातून सोडायच्या पाण्याला 'पर्यावरणीय प्रवाह' याहून बरा शब्द कोणता?

आधी ते 'प्रतिसेकंद' खोडा. क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. 'क्युसेक प्रतिसेकंद' हा पिवळा पीतांबर दर पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातल्या बारवी-भातसा धरणांच्या बातम्यांतून नेसवला जातो. 'धरणात हजार क्युसेक पाणी साठले' हे त्याहून वाईट. वेग साठत नाही. हजार क्युसेक अखंड दिवसभर सोडले तर सुमारे 2.45 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी जाते. साठा सांगायचा तर दलघमीत सांगावा.

विसर्ग बरोबरच आहे. त्यावर टिंबांची मक्तेदारी सांगणाऱ्या शुद्धलेखनवाल्यांनी पाणिनी उघडावा. तो त्या उच्चाराला 'विसर्जनीय' म्हणतो (विसर्जनीयस्य सः, 8.3.34). श्वास सोडायचा, म्हणून ते नाव. धातू सृज्, अर्थ सोडणे. विसर्जन, उत्सर्जन, संसर्ग, उपसर्ग, सृष्टी, इतकेच काय निसर्गसुद्धा याच घरातला.

पण खरी मौज चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात वर्षाचे दोन भाग केलेत. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाल: सूर्य ओलावा शोषून घेतो. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाल: घेतलेले परत दिले जाते. आता धरणाकडे बघा. ते पावसाळ्यात घेते आणि उन्हाळ्यात देते. चरकाचे अख्खे वर्षच उलटे! भातसाचे पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येते, म्हणून मे महिन्यातही ती नदी वाहती दिसते आणि लोक खूश होतात. पण जूनचा पहिला लोंढा धरण गिळते, आणि नेमक्या त्याच लोंढ्यावर वलगणीचे (पहिल्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध चढणारे) मासे अंडी घालायला वर येतात. नदीला पाणी मिळते, पण अवेळी.

म्हणून 'किमान प्रवाह' म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. किमान म्हटले की बारा महिने एकच आकडा ठोकायची सोय होते. केंद्राची गंगेविषयीची 2018 ची अधिसूचना बघा. उगमाच्या हिमनद्यांपासून देवप्रयागमार्गे हरिद्वारपर्यंतच्या टप्प्यात महिन्याच्या सरासरी प्रवाहापैकी निदान इतके सोडायचे: नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, ऑक्टोबर आणि एप्रिल-मे 25, जून ते सप्टेंबर 30. टक्के थोडे वाटतील, पण ऋतू ओळखलेला आहे. माझा शब्द 'ऋतुविसर्ग'. संस्कृताळलेला म्हणा हवे तर. 'पर्यावरणीय प्रवाह' तरी कुठे कोळीवाड्यातून आलाय?

ऋतुविसर्ग बोलायला सोपा, करायला अवघड. जूनमध्ये पातळी सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेच्या) माथ्याखाली असते, म्हणजे लोंढा सोडायचा तर तळाच्या विमोचकातूनच, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीतूनच, आणि त्याची क्षमता बेताची. शिवाय तळाचे पाणी गार आणि प्राणवायू कमी असलेले. बारवीसारखे पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे असतील तर सोडायची वेळ आपण ठरवूच शकत नाही. पाणी वाढवायचे ते टप्प्याटप्प्याने, आधी भोंगा वाजवून. कमी करायचे ते त्याहून सावकाश. एकदम बंद केले की मासे कडेच्या डबक्यांत अडकतात आणि दगडांना चिकटलेली अंडी उघडी पडून वाळतात. ही चूक सर्रास होते, कारण दरवाजा उघडण्याची बातमी होते, बंद करण्याची होत नाही.

गाळाचेही भान हवे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून मार्च-एप्रिल 1996 मध्ये सात दिवस 45 हजार क्युसेक सोडले, खालचे वाळूचे काठ पुन्हा उभे राहावेत म्हणून. काठ उभे राहिले, पण वाळू बरीचशी तिथलीच जुनी, आणि लवकरच झिजू लागली. धरणाच्या वरची वाळू जलाशयातच अडकते ना. पुढे 2012 पासून नियम ठरला: खालच्या पारिया उपनदीने पुरेशी वाळू आणली असेल, तरच मोठा विसर्ग.

राहिले 'विसर्जन'. व्युत्पत्तीने चालेल, पण ठाण्यात ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, 'धरणातून विसर्जन' असे छापून बघा. लोक तलावपाळीला गर्दी किती ते विचारतील.