पॉलिमरचं विद्यापीठ कसं पारखायचं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा) : मुलगी यंदा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होईल. तिला पॉलिमरमध्येच (रबर, प्लॅस्टिक यांसारखे लांब साखळीचे रेणू) पीएच.डी. करायची आहे आणि अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाचं नाव तिने मनात धरलंय. अशा विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत शोधनिबंधांचे मोठमोठे आकडे असतात. आम्ही घरचे यातले नाही. हे आकडे कसे पारखायचे?

उत्तर : मुलीने नाव उगाच धरलेलं नाही. ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे रबराचं गाव. गुडरिच यांनी १८७० साली तिथे रबराचा धंदा आणला, त्याच वर्षी बुक्टेल कॉलेज स्थापन झालं आणि १९१३ मध्ये ते शहराचं विद्यापीठ झालं. टायरवाल्यांना रसायनतज्ज्ञ हवे होते, म्हणून रबराच्या रसायनशास्त्राचे वर्ग तिथे फार लवकर सुरू झाले. बडोदेकरांना हे नवं वाटू नये. आपलं कलाभवनही १८९० मध्ये उद्योगाला हात तयार करायलाच निघालं आणि त्यातूनच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा उभी राहिली.

आता आकडे. पहिली अडचण नावाची. अ‍ॅक्रनचं पॉलिमरचं काम ‘मॉरिस मॉर्टन इन्स्टिट्यूट’, ‘कॉलेज ऑफ पॉलिमर सायन्स अँड पॉलिमर इंजिनिअरिंग’ आणि आताचं ‘स्कूल ऑफ पॉलिमर सायन्स अँड पॉलिमर इंजिनिअरिंग’ अशा निरनिराळ्या पत्त्यांखाली छापलेलं आहे. एकाच नावाने शोधलं की निम्मं काम हाती लागत नाही. म्हणून ओपनअ‍ॅलेक्स या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर (ही फुकट आहे) आधी विद्यापीठ निवडा, मग विषय पॉलिमर आणि मग गेली पाच वर्षं. एकूण बेरीज पाहूच नका. तिच्यात निवृत्त झालेल्यांचं आयुष्यभराचं कामही असतं आणि मुलीला त्यांच्या हाताखाली शिकायला मिळणार नसतं.

त्यानंतर विद्यापीठ सोडून माणसाकडे या. ज्यांच्याकडे अर्ज करायचा असे तीन-चार प्राध्यापक घ्या आणि प्रत्येकाचे पाच वर्षांतले निबंध एका कागदावर उतरवा. आढावा-निबंध वेगळे काढा. त्यांचे उल्लेख (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले हवाले) भरमसाट होतात, पण प्रयोगशाळेत काय चाललंय ते त्यांतून कळत नाही. उरलेल्यांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, ते पाहा. एच-इंडेक्स समजून घ्या, त्यावर भाळू नका. समजा, कुणाच्या सहा निबंधांचे उल्लेख ४०, २२, ९, ६, ५ आणि ३ आहेत. किमान ५ उल्लेख असलेले ५ निबंध झाले, म्हणजे एच-इंडेक्स ५. चाळीसच्या जागी चार हजार असले तरी तो ५च राहतो. शिवाय वय वाढेल तसा तो फक्त चढतो, म्हणून तरुण प्राध्यापकाला त्यावरून नाकारणं अन्यायाचं.

आमच्या मते सगळ्यांत खरा पुरावा प्रबंधांत असतो. ओहायो राज्यातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध ओहायोलिंक या ग्रंथालयांच्या संकेतस्थळावर मिळतात. त्या प्राध्यापकांच्या अलीकडच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि मुलीला प्रयोगाचं प्रकरण वाचू द्या. कोणती उपकरणं विद्यार्थ्याने स्वतः चालवली आणि कोणती मोजमापं बाहेरून करून आणली, हे तिथे ओळीओळीत दिसतं. तेच वाचून तिला तिथे जावंसं वाटलं, तर अर्ज करावा.

प्रश्न (रावपुरा, बडोदा) : पेटंटांची संख्या जास्त म्हणजे संशोधन उपयोगी, असं धरावं का?

उत्तर : नाही. बरीच पेटंटं कपाटातच राहतात. पेटंटावरून वस्तू झाली का, एवढंच विचारा. अ‍ॅक्रनचंच उदाहरण घ्या. जोसेफ केनेडी यांच्या कामातून एसआयबीएस हे पॉलिमर आलं. साखळीची दोन्ही टोकं कडक पॉलिस्टायरीनची, मधला भाग मऊ पॉलिआयसोब्युटिलीनचा. हा मधला भाग बनवायला उणे ८० अंशांच्या आसपासची थंडी लागते आणि पाण्याचा अंश राहिला, तर भलत्याच साखळ्या सुरू होतात. मधल्या भागात दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे शरीरातल्या ऑक्सिडेशनला हे पॉलिमर बधत नाही. काही पॉलियुरेथेनना मात्र त्या ऑक्सिडेशनने तडे जातात. पॅक्लिटॅक्सेल हे औषध हळूहळू सोडणाऱ्या टॅक्सस स्टेंटवरचा (स्टेंट म्हणजे हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) थर याचाच होता. त्या स्टेंटला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. निबंध मोजत बसलात, तर हे हाती लागणार नाही.

प्रश्न (फतेहगंज, बडोदा, एम.एस्सी. प्रकल्प) : पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) इलेक्ट्रोस्पिनिंग करतोय, म्हणजे सुईतल्या द्रावणाला उच्च व्होल्टेज देऊन समोरच्या फॉइलवर अतिबारीक धागे ओढतोय. धाग्यावर मणी येतात आणि पाऊस सुरू झाल्यापासून फॉइलवर ओला पापुद्राच बसतो. काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

मण्यांवर नेमकं काम अ‍ॅक्रनमध्येच झालेलं आहे. डॅरेल रेनेकर यांनी तिथे नव्वदच्या दशकात हे तंत्र पुन्हा पुढे आणलं आणि १९९९ मध्ये फाँग, चुन आणि रेनेकर यांनी मणी तीन गोष्टींवर ठरतात हे दाखवलं : द्रावणाचा दाटपणा, धारेवरचा विद्युतभार आणि पृष्ठताण. पृष्ठताण धारेचे थेंब करायला ओढतो. साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतल्या असतील, तर धार धरून राहते. द्रावण पातळ असेल तर ती मणी-धागा-मणी अशी होते.

म्हणून आधी द्रावण दाट करा. रेणुभार साधारण ८५,००० ते १,२४,००० आणि हायड्रोलिसिस ८७-८९ टक्के असं पीव्हीए १० ग्रॅम घ्या, पाणी ९० ग्रॅम. भुकटी थंड पाण्यात ढवळत ढवळत भुरभुरवा आणि मगच ८०-८५ अंशांपर्यंत तापवा. उकळत्या पाण्यात टाकलीत तर वरून फुगलेल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि तुमचं १० टक्के द्रावण प्रत्यक्षात ७ टक्केच राहतं. झाकण ठेवून दोन तास ढवळा, मग रात्रभर ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातील. तरीही मणी राहिले तर चिमूटभर मीठ घाला, धारेवरचा भार वाढतो.

बोथट टोकाची २१ किंवा २२ गेजची सुई, १५ किलोव्होल्ट, सुईपासून फॉइल १२ ते १५ सेंटिमीटर, प्रवाह ताशी ०.३ ते ०.५ मिलिलिटर, इथून सुरुवात करा. सुईच्या टोकाशी बारकाईने बघा. थेंब शंकूसारखा टोकदार होऊन त्यातून एकच धार निघायला हवी. थेंब टपकत असेल तर प्रवाह जास्त किंवा व्होल्टेज कमी. दोन-तीन धारा फुटत असतील तर व्होल्टेज जास्त.

ओला पापुद्रा हा हवेचा दोष. पीव्हीएतलं पाणी उडायला वेळच मिळत नाही. धार सुईपासून थोडी सरळ जाते आणि मग गरगर फिरत ताणली जाते. ती वाळते या फिरण्यातच. पावसाळ्यात बडोद्याच्या हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. ४० ते ५० टक्के राखायला हवी, त्यासाठी पेटी बंद करून आत सिलिका जेल ठेवा (निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा) किंवा खोलीत एसी लावा. पेटीतच आर्द्रतामापक ठेवा आणि प्रत्येक नमुन्यासोबत आकडा वहीत लिहा. अंतर वाढवून भागतं असं वाटेल, पण १८-२० सेंटिमीटरच्या पुढे धागे फॉइल सोडून पेटीच्या भिंतींवर जाऊन बसायला लागतात.

धाग्यांची तयार चटई पाण्यात विरघळते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहीपर्यंत ती डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) ठेवा. आणि फॉइलच्या प्लेटची अर्थिंगची तार रोज तपासा. वीज बंद केल्यावरही सुईला हात लावण्याआधी इन्सुलेटेड मूठ असलेल्या, अर्थ केलेल्या धातूच्या काठीने तिला स्पर्श करून उरलेला भार काढून टाका.