‘हा बी मास्तरच झाला’: शिकवण्यांत अडकलेल्या एका सतारवादकाची गोष्ट

संगीत शिकलेल्या पंचविशी-तिशीतल्या मुलांकडून आणि त्यांच्याहूनही जास्त त्यांच्या आईवडिलांकडून एक काळजी मी समुपदेशनाच्या कामात नेहमी ऐकते. शिकवण्या घ्यायला लागलं की कलाकार संपतो का? पोट कसं भरणार, हा प्रश्न त्याच्या आधी येतोच; पण त्याला हिशेबाची उत्तरं तरी असतात. हा दुसरा प्रश्न माणसाला आतून पोखरतो. तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांमध्ये तो मला जास्त दिसतो. गाणाऱ्याला अभंग, भावगीत, भजनसंध्या असं काहीतरी हाताशी असतं. एकल सतार ऐकायला मात्र आपल्या मराठवाड्यात माणसं जमवावी लागतात. त्यामुळे या मुलांच्या मिळकतीत शिकवणीचा वाटा मोठा, आणि मनातली बोचही तितकीच मोठी.

ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो लातूरचा, २८ वर्षांचा सतारवादक. त्याच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावाकडच्या भजनी मंडळात पेटीवर बसायचे. मुलाचा हात लहानपणीच सुरात आहे हे त्यांनी ओळखलं आणि भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून मिरजेहून सतार आणली. मुलानेही चीज केलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झाला, काही वर्षं पुण्यात गुरूंकडे शिकला, परत येऊन क्लास काढला. संध्याकाळी पाच ते नऊ बॅचेस, सकाळी घरोघरी शिकवण्या. पैशांची ओढाताण नव्हती.

मग एका तालुक्याच्या गावातल्या संगीत समारोहातून त्याला फोन आला. तरुण कलाकारांच्या सत्रात ४० मिनिटं वाजवायचं होतं. त्याने तब्येतीचं कारण सांगून नकार दिला. त्यानंतर त्याची झोप उडाली, क्लासमध्ये लहान मुलांवर ओरडणं वाढलं, आणि वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले.

“मॅडम, मी नुसतं शिकवायलोय. वाजवायलो नाही,” एवढंच तो बोलला आणि डाव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली. सतार वाजवणाऱ्याच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेची खाच पडते, तिथे घट्टा होतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं, काढताना तार पडद्यावर आडवी खेचावी लागते, ती त्या घट्ट्यावर. त्याची बोटं मऊ झाली होती. एका रागात तासभर आलाप-जोड, म्हणजे तबल्याशिवायचा रागविस्तार, करायचा तर बोट सोलून निघेल, हे त्याला ठाऊक होतं. समारोहाला नकार देण्याचं खरं कारण हे होतं.

वडील बोलले ते न रागावता, आणि म्हणूनच जास्त लागलं. “मी जन्मभर मास्तरकी केली. म्हणलं, पोरगं तरी कलाकार होईल. तर हा बी मास्तरच झाला.”

अशा भेटीत झोप, भूक, कामातला रस, जीव नकोसा होण्याचे विचार हे मी आधी विचारून घेते. दोन-दोन आठवडे मन उठत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणं भाग असतं. इथे तशी वेळ आली नव्हती. शागिर्द आले की तो हसत होता, जेवत होता. दुखणं एकाच जागी होतं.

मी त्याला एक आठवडाभर वही ठेवायला सांगितली. किती कमावलं ते लिहायचं नाही, सतार मांडीवर असताना नेमकं काय केलं ते लिहायचं. वही बघून तो स्वतःच गप्प झाला. रोज चार-पाच तास सतार मांडीवर, आणि त्यात प्रत्यक्ष वाजवणं काही मिनिटांचं. बाकी वेळ मुलांच्या सतारी लावून देणं, खुंट्या पिळणं, तार छेडायची बोटातली नखी नीट बसवून देणं, तुटलेली तार बदलणं, आणि तोंडाने ‘दा रा दिर दिर’ असे सतारीचे बोल म्हणणं. स्वतःचा रियाज रात्री दहानंतर, तोही जमला तर. तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा किती दिवसांत सुरात लावल्या नव्हत्या, हे त्याला आठवेना.

वडिलांनाही मी एक काम दिलं. एक संध्याकाळ क्लासमध्ये नुसतं बसायचं, काही बोलायचं नाही. चाळीस वर्षं वर्ग चालवलेला माणूस. त्यांच्या नजरेला जे दिसेल ते मला कधीच दिसलं नसतं. पुढच्या भेटीत ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “हा वाजवतच नाही हो. सगळं तोंडानं शिकवतो. पोरांना सतार कशी वाजते ते माहीतच नाही.”

तिथून आमचं काम खरं सुरू झालं. शिकवण्यामुळे हात जातो, हे त्याला त्याच्या गुरूंनीही सांगितलं होतं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. हात जातो तो न वाजवता शिकवल्यामुळे.

मग हा मुलगा न वाजवता का शिकवत होता? याचं उत्तर लातूरमध्ये आहे. या शहराचा गाडाच शिकवण्यांवर चालतो. ‘लातूर पॅटर्न’ने नाव कमावलं आणि आज बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी इथे खोल्या घेऊन राहतात. त्याच शहरात चौथी-पाचवीतलं मूल सतारीला येतं, मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षा देतं, दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतील म्हणून आणखी एखादी देतं, आणि नववीत प्रवेशपरीक्षांच्या तयारीची फाउंडेशन बॅच सुरू झाली की सतार खोळीत जाते. मी त्या आईबापांना नावं ठेवत नाही, त्यांचीही ओढाताण मी रोज ऐकते. पण यामुळे सतारीच्या मास्तरकडे वर्षानुवर्षं नवशिकेच उरतात. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा परीक्षांच्या दोन सत्रांभोवती त्याचं वर्ष फिरत होतं. त्याच त्या गती, तेच तोडे, म्हणजे पाठ केलेल्या ठरावीक रचना. जो मिया की तोडीचा आलाप मागेल असा विद्यार्थी त्याच्यासमोर बसतच नव्हता.

वडिलांच्या मनात ‘मास्तर’ आणि ‘कलाकार’ अशा दोन वेगळ्या खोल्या होत्या. त्यांना मी विचारलं, तुम्ही रेडिओवर कोणाला ऐकायचात? “जोगांचं व्हायोलिन,” ते लगेच म्हणाले. पंडित व्ही. जी. जोग स्वतः आकाशवाणीत दीर्घकाळ नोकरीला होते आणि त्याआधी लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवत होते, हे त्यांना माहीत नव्हतं. डॉ. एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात जवळजवळ चार दशकं व्हायोलिन शिकवलं, आणि गायकी अंगाचं वादन त्या जगभरच्या मंचांवर करत राहिल्या त्या याच काळात. अन्नपूर्णादेवींनी तर मैफली सोडल्या आणि मुंबईतल्या घरी बसून शिकवलं. निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले. वडिलांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण ते पोरांना नखी घालायला शिकवत नसतील ना?” प्रश्न अगदी बरोबर होता. त्या लोकांसमोर शिकायला बसणारा विद्यार्थी वेगळ्या पातळीचा होता. त्यामुळे शिकवणं सोडायचं की नाही, हा विषय मागे पडला. कोणाला शिकवायचं आणि कसं, हा पुढे आला.

आम्ही तिघांनी बसून आठवडा नव्याने मांडला. सकाळच्या शिकवण्या बंद. साडेपाच ते साडेआठ रियाज, आणि या वेळेत फोन घेण्याची जबाबदारी वडिलांची. उत्पन्नात खड्डा पडणार होता, तो पडू दिला. वडिलांची पेन्शन आहे, सहा महिने घर चालेल, हे कागदावर लिहून काढलं. ज्यांच्या घरी असा आधार नाही त्यांनी सगळ्या शिकवण्या एकदम सोडू नयेत. एकच सकाळ आधी मोकळी करावी, पण ती कोणालाही देऊ नये.

नवशिक्यांच्या दोन बॅचेस त्याने आपल्या जुन्या दोन विद्यार्थ्यांकडे मानधन ठरवून सोपवल्या. उरलेल्या प्रत्येक बॅचची सुरुवात त्याच्या वादनाने करायची ठरली: वीस मिनिटं, महिनाभर एकच राग. मुलांनी नुसतं ऐकायचं. पहिल्या महिन्यात यमन घेतला. एका मुलाच्या आईने “फी आमच्याकडून आणि रियाज तुमचा?” असं विचारलंच. त्याने त्या बाईंना वीस मिनिटं समोर बसवून ऐकवलं. त्यांचा मुलगा अजून येतो.

मोठा बदल मात्र प्रौढांच्या बॅचने झाला. लातुरात डॉक्टर पुष्कळ. कॉलेजात असताना सतार किंवा गिटार सुटलेले, आता दवाखाना स्थिरावलेले, रात्री नऊनंतर मोकळे होणारे. बँकेतले अधिकारी, निवृत्त प्राध्यापक. यांना संगीताची परीक्षा द्यायची नसते, ‘नीट’ही द्यायची नसते, आणि ते चार-पाच वर्षं टिकतात. त्यांचे प्रश्न अवघड असतात. भीमपलासीतला निषाद आणि बागेश्रीतला निषाद वेगळा का वाटतो, असं एका बालरोगतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा त्याला रात्रभर वाजवून बघावं लागलं. तो हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदा मोकळा पाहिला.

ऑनलाइन शिकवणीबद्दल पालक फार आशेने विचारतात. त्यानेही परदेशातले दोन विद्यार्थी घेतले. तिथे आवाज क्षणभर मागे पडतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. याने वाजवायचं, त्याने ऐकून नंतर वाजवायचं. दोन भेटींच्या मधल्या काळात स्वच्छ वाजवलेली फीत पाठवावी लागते. रेकॉर्डिंगमध्ये बेसूर मींड लपत नाही, हा त्याला आपोआप झालेला फायदा.

पुढच्या वाटेबद्दलही बोललो. आकाशवाणीची ऑडिशन द्यावी, असं मी सगळ्या वादकांना सांगते. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. त्यातून महिन्याचा पगार सुरू होत नाही, पण निमंत्रण देणाऱ्या संयोजकाला आणि शिकायला येणाऱ्यालाही ती श्रेणी कळते. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हा नेहमीचा रस्ता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत कलाकारांसाठी दुसरीही वाट आहे: पदवी, नामवंत गुरूंकडची तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी आणि विषय सप्रयोग शिकवण्याची तयारी. मंचावरची कमाई वर्गात जमा होते, हे नियमात छापलेलं वडिलांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी तो कागद मागून घेतला. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती (दोन वर्षं, महिना ५,००० रुपये) १८ ते २५ वयासाठी आहे. याचं वय निघून गेलं होतं. ज्यांच्या घरात वीस-एकवीस वर्षांचं मूल वाजवतं आहे त्यांनी ती हातची घालवू नये.

आणखी एक खर्च हिशेबात धरायला लावला, तो वाद्याचा. आपल्याकडचा उन्हाळा लाकडाला मानवत नाही, जोड उकलतात. जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची घडण, बिघडली की मिरज गाठावं लागतं. २०१६च्या दुष्काळात ज्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच मिरजेत सतारी बनतात, आणि २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दरवर्षीचा हा फेरा क्लासच्या फीमध्येच धरला पाहिजे. तो आतापर्यंत उसनवारीवर चालला होता.

लग्नाचा विषय वडिलांनी काढला, अगदी शेवटी. मुलीकडचे विचारतात, करतो काय? बायोडाटावर ‘संगीत शिक्षक’ लिहिलं की मुलगा नाराज, ‘सतारवादक’ लिहिलं की समोरचे गप्प. मी म्हटलं, दोन्ही लिहा, आणि खाली वर्षाची मिळकत खरी लिहा. मिळकत लपवली की माणसं मनाला येईल ते समजतात. हे वडिलांना पटायला वेळ लागला. त्यांच्या मनातला ‘मास्तर’ अजून पूर्ण सावरलेला नाही. त्यांच्या स्वतःच्या नोकरीबद्दलचं काही जुनं दुःख त्यात आहे, आणि त्यासाठी ते आता एकटे येतात.

सहा महिन्यांनी मुलाने त्या बालरोगतज्ज्ञांच्या घरी बैठक केली, पन्नासेक माणसांसमोर. दीड तास वाजवलं. बोट सोललं, पण मींड सुटली नाही, असं त्याने मला दुसऱ्या दिवशी कळवलं. ज्या समारोहाला नकार दिला होता त्यांना त्याने आपणहून फोन करून खरं कारण सांगितलं आणि पुढच्या वर्षासाठी विचारलं. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही. आकाशवाणीचा अर्ज गेला आहे. झोप बरी आहे. परीक्षांचं सत्र आलं की पालक सकाळचा जादा तास मागायला लागतात. या वेळी दोघांना नाही म्हणताना त्याला जड गेलं, तिसऱ्याला त्याने हो म्हटलं. तो एक तास परत कसा सोडवायचा, हे आम्ही पुढच्या भेटीत बघणार आहोत.