रिकामी गाडी कोठे पाठवावी?

प्रश्न : परतीचे भाडे मिळाले नाही, तर ट्रकवाल्याची खेप तोट्यात जाते. जेथे चालकच नाही आणि सर्व मालवाहू गाड्या संगणकाच्या आज्ञेने धावतात, तेथे तरी रिकाम्या फेऱ्या पूर्णपणे टाळता येतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येत नाहीत, कारण मालाचा ओघ दोन्ही दिशांना क्वचितच सारखा असतो. नेदरलँड्समध्ये 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्समेरचा फुलांचा लिलाव-बाजार, स्किपोल विमानतळ आणि होफ्डॉर्पजवळचे नियोजित रेल्वे टर्मिनल भुयारांनी जोडून त्यांतून चालकविरहित गाड्यांनी फुले व हवाई माल नेण्याची योजना तपशिलाने अभ्यासली गेली. ती प्रत्यक्षात उतरली नाही, तरी आपला प्रश्न समजून घेण्यास ती फार उपयोगी आहे. समजा, बाजारातून विमानतळाकडे तासाला 60 भरलेल्या खेपा जातात आणि उलट 20 येतात. हाच ओघ चालू ठेवायचा असेल, तर तासाला 40 गाड्या रिकाम्या परतल्याच पाहिजेत, आणि कोणतीही गणिती पद्धत हा आकडा घटवू शकत नाही. ठिकाणे तीन झाली की थोडा वाव मिळतो, कारण कोठे गाड्या उरतात व कोठे कमी पडतात हे मांडून एकूण रिकामे अंतर किमान राहील अशी वाटणी काढता येते.

हे गणित संगणक क्षणात सोडवतो. खरी अडचण वेळेची आहे. मागणी नोंदल्यावर जवळची मोकळी गाडी पाठवणे सर्वांत सोपे, पण ती पोहोचेपर्यंत फुले धक्क्यावर पडून राहतात. म्हणून येऊ घातलेल्या खेपा आधीच विचारात घेऊन (उतरणाऱ्या विमानाची वेळ तर ठाऊकच असते) गाडी मागणीपूर्वी हलवली जाते. अंदाज चुकला, तर तीच गाडी भलत्या टोकाला उभी राहून धक्क्याची जागा अडवते. त्यामुळे फार लांबचे न ठरवता थोड्या थोड्या वेळाने नियोजन नव्याने करावे लागते आणि मुदत जवळ आलेल्या खेपेला आधी गाडी द्यावी लागते. केवळ रिकामे अंतर कमी करणे हेच ध्येय ठेवणारे नियोजन मला सदोष वाटते, कारण नाशवंत मालासाठी काही रिकाम्या फेऱ्या वाढल्या तरी त्या परवडतात. शिवाय बॅटरीवर चालणारी गाडी चार्जिंगला पाठवण्याची सोयीची वेळ ती रिकामी असतानाचीच असते, हेही या हिशेबात धरावे लागते.