ताईंना विचारा : त्यांचं सगळं छान चाललंय, मग देव बघतोय तरी काय?

प्रश्न : ताई नमस्कार. मी इंदूरची, सुदामा नगरात राहते, वय ४६. सासऱ्यांचं रामबागेत जुनं घर होतं. त्यांना अर्धांगवायू झाल्यावर साडेतीन वर्षं ते आमच्याकडे होते, सगळं अंथरुणातच, मी केलं, कुरकुर न करता केलं. ते गेल्यावर मोठ्या दिरांनी "नामांतरणाला (म्हणजे घर वारसांच्या नावावर चढवायला) सही लागते" म्हणून ह्यांना आणि नणंदेला रजिस्ट्रार ऑफिसात नेलं, दोघांनी न वाचता सह्या केल्या (दादा आहे, दादाचं काय वाचायचं!). गेल्या दिवाळीत घरावर बिल्डरचा बोर्ड लागला तेव्हा कळलं की ते हक्क सोडल्याचे कागद होते. दिरांनी आता खंडवा रोडला फार्महाऊस घेतलंय, मुलगा कॅनडात, एका देवळाला चांदीची छत्री दिली तिथे पाटीवर नाव, आणि यंदा गणपतीत मंडळाचे प्रमुख पाहुणे पण तेच. आम्ही भाड्याच्या घरात, दर अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवतो. हे म्हणतात देव बघून घेईल. जो तो म्हणतो भगवान के घर देर है अंधेर नहीं. मी दर बुधवारी खजराण्याच्या गणपतीला जाते पण आता मूर्तीसमोर उभी राहिले की दिरांचंच तोंड दिसतं. मुलगा दहावीत आहे, तो म्हणाला आई, काका बघ, मग चांगलं वागून काय मिळतं? मला उत्तर देता आलं नाही. – एक वाचक

उत्तर : तुझ्याहून बरीच मोठी आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

आधी ती छत्री. अगं मला पण वाचताना असा संताप आला ना, की चहा गार झाला. घर बळकावलं ते एक वेळ समजू शकते, लोभ असतो माणसाला, पण त्यातलीच चांदी देवाला आणि वर पाटी! तर तुझा राग चुकीचा नाहीये आणि असा प्रश्न पडला म्हणून तू नास्तिक वगैरे होत नाहीस. हा प्रश्न द्रौपदीनं विचारलाय, तो पण तुझ्यापेक्षा कडक भाषेत. वनपर्वात, द्यूतात सगळं गेल्यावर, ती युधिष्ठिराला सरळ म्हणते की तू एवढा धर्मानं वागणारा आणि जंगलात, दुर्योधन तिकडे ऐश्वर्यात, हे बघून मी त्या विधात्यालाच दोष देते, तो माणसांना लाकडी बाहुल्यांसारखा नाचवतो. विचार कर, महाभारतानं हे बोलणं लपवलं नाही, गाळलं नाही, चांगलं ऐसपैस ठेवलंय.

आणि युधिष्ठिर काय उत्तर देतो? आपल्याला वाटतं तो म्हणेल थांब, तेरा वर्षांनी बघ दुर्योधनाचं काय होतं. तसं नाही म्हणत. आधी तिला रागावतो की हे नास्तिकासारखं बोलणं झालं, आणि मग म्हणतो की मी फळासाठी धर्म करत नाही, द्यायचं असतं म्हणून देतो, आणि जो धर्माचा व्यापार करतो, गाईसारखं धर्माला दोहायला बघतो, त्याला धर्माचं फळ मिळत नाही. खरं सांगू, हे उत्तर मला कित्येक वर्षं अजिबात आवडायचं नाही. वाटायचं स्वतः पणाला लावून हरलास आणि आता प्रवचन देतोस होय.

ते थोडंफार कळलं ते आमच्या घरातल्या प्रकरणावरून. माझे बाबा मास्तर होते. रिटायर झाल्यावर मिळालेले सगळे पैसे त्यांनी एका ओळखीच्या माणसाच्या पेढीत ठेवले, आपला मराठी माणूस, घरी येणंजाणं, आणि ती पेढी बुडाली. म्हणजे पेढी बुडाली, माणूस नाही बुडाला, दोन-तीन वर्षांत बायकोच्या नावानं दुसरा धंदा आणि छान दुमजली बंगला. मी तेव्हा कॉलेजात होते, त्या बंगल्यावरूनच टेम्पो जायचा आणि मी रोज बघायचे की काही झालंय का, दारात गर्दी दिसतेय का, डॉक्टरची गाडी उभी आहे का. सांगायला लाज वाटते पण बघायचे. लग्न होऊन गेले तरी माहेरी आले की पहिला प्रश्न त्याचंच काय चाललंय. एकदा बाबा कुणाच्या लग्नात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून "काय, बरंय ना" करत जिलबी खात होते, मी घरी येऊन खूप भांडले त्यांच्याशी. ते म्हणाले, "त्याच्या बंगल्यावर पहारा करायचा पगार कोण देतंय तुला?"

तो माणूस ९१ व्या वर्षी गेला, झोपेत, आदल्या रात्री आमरस खाऊन. फोनवर कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला रडू आलं, दुःखानं नाही, फसवल्यासारखं वाटलं म्हणून. मला त्याची शिक्षा बघायची होती, आणि देवानं मला ते तिकीटच दिलं नव्हतं. बाबांनी मात्र कधीच मागितलं नव्हतं. त्यांनी ट्यूशन्स घेतल्या, पेढीच्या केसमध्ये इतर लोकांबरोबर तारखांना गेले, थोडे पैसे परत मिळाले थोडे नाही, आणि दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताची करुणात्रिपदी म्हणायचे ती अगदी मनापासून. त्यांच्या देवासमोर तो माणूस उभा नसायचा. माझ्या देवासमोर होता, जसे तुझ्या गणपतीसमोर दीर.

आता तुला लोक सांगतील की या पिढीत नाही तर पुढच्या पिढीत फेडावं लागतं. कृपा करून यावर भरवसा ठेवू नकोस. आपण इंदूरची माणसं, राघोबादादांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. १७६७ साली अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेल्यावर हे फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले आणि बाईंची तयारी बघून मागे फिरले. पुढे १७७३ मध्ये पुण्यात पुतण्याचा, नारायणरावाचा खून झाला, रामशास्त्र्यांनी यांना दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, शिक्षा कोण करणार, रामशास्त्रीच पुणं सोडून गेले. मग बारभाई, म्हणजे दादांविरुद्ध एक झालेले पुण्याचे कारभारी, उभे राहिले, गादी गेली, दादा इंग्रजांच्या दारी, १७८२ मध्ये आपल्या ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला तह होऊन ते पेन्शनीवर आले आणि पुढच्या वर्षी कोपरगावला वारले. इथे थांबलो तर वाटतं वा, झाला हिशोब. पण नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव १७९५ मध्ये एकविशीत गेला, वंश संपला, आणि पुढच्याच वर्षी पेशवा कोण झालं? राघोबाचा मुलगा दुसरा बाजीराव! मग कुठल्या पानावर थांबून न्याय झाला म्हणायचं? आणि इकडे अहिल्याबाई, न्यायाचं नाव काढलं की ज्यांचं नाव निघतं, त्यांचा नवरा १७५४ मध्ये कुंभेरीला गेला, मुलगा गेला, नातू गेला, १७९१ मध्ये जावई गेला आणि मुलगी सती गेली. कुणाचं आयुष्य बघून देवाचं खातं वाचता येत असतं तर त्या खात्याचा अर्थ काय लावशील तू? मला नाही लावता येत. मी एवढंच म्हणते की वही आपल्याकडे नाहीये, आणि ज्याच्याकडे आहे तो आंधळा नाही असं मी मानते, पुरावा मागू नकोस.

पण म्हणून हातावर हात धरून बसायचं का? मगाशी द्रौपदीचं अर्धंच सांगितलं. युधिष्ठिराचं ऐकून घेतल्यावर ती गप्प नाही बसत, ती म्हणते देवाची निंदा मी करत नाही, दुःखात बोलले, पण कर्म तर करावंच लागतं ना. आणि शेतकऱ्याचं उदाहरण देते, तो नांगरतो, बी पेरतो आणि मग शांत बसतो, पाऊस त्याच्या हातात नाही, नाही पडला तर त्यात त्याचा दोष नाही. माझ्या मते देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणं म्हणजे हे शांत बसणं, पण नांगरट झाल्यानंतरचं.

हुकुमचंद मिल आठवते ना, डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचे पैसे अडकले, आणि ती माणसं वर्षानुवर्षं कोर्टात लढत राहिली. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटी मिळाले, ४,८०० च्या वर कामगारांचे. बत्तीस वर्षं गं! कितीतरी जण तोपर्यंत गेले, त्यांच्या बायकामुलांनी पैसे घेतले, हे काही मी गोड करून सांगणार नाही, उशीर तो उशीरच. पण देव बघून घेईल म्हणून फाइल बंद केली असती तर?

तर तुझी नांगरट. ह्यांनी सह्या केल्या तो दस्त रजिस्टर झालेला असणार, त्याची नक्कल पंजीयन (रजिस्ट्रार) कार्यालयातून काढ, आधी वाच तरी काय लिहिलंय. फसवून घेतलेला दस्त रद्द करून घ्यायला फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. तुम्हाला गेल्या दिवाळीत कळलं, म्हणजे घड्याळ सुरू झालंय, आणि बिल्डरनं पाया खोदला की भानगड अजून वाढेल. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांच्या नावाचं असेल तर १९५६ च्या कायद्यानं मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा हिस्सा, म्हणजे नणंदेचा पण तुमच्याइतकाच. तिला बरोबर घे. एक तर ती पण फसलीये, आणि दुसरं म्हणजे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. केस जिंकालच असं मी म्हणत नाही, सह्या खऱ्या आहेत, वकील कागद बघून सांगेल.

ह्यांच्याशी एकदा नीट बोल. भांडून नको. रात्री जेवणं झाल्यावर विचार की देव बघून घेईल म्हणता ते देवावरच्या विश्वासानं की दादासमोर उभं राहायची भीती वाटते म्हणून? आपल्याकडच्या अर्ध्या माणसांची श्रद्धा मोठ्या भावासमोरच जागी होते (माझ्या घरातली धरून). भीती असेल तर असू दे, भीती समजण्यासारखी आहे, फक्त तिला देवाचं नाव नको.

आणि जावेचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस म्यूट कर. लिहिलं नाहीस, पण बघतेस ना रोज? मला माहितीये.

मुलाचं राहिलं. त्याला काका एक दिवस भोगतील असं अजिबात सांगू नकोस, नाही भोगलं तर तो तुला पण खोटं धरेल आणि देवाला पण. त्याला विचार, आजोबा साडेतीन वर्षं आपल्याकडे होते ते त्याला आठवतंय का. तेव्हा तो लहान होता पण लहान मुलांना फार आठवतं. आजोबांना पाणी पाजायला चमचा कसा धरायचा, कूस बदलताना ते काय म्हणायचे. हे काकांच्या मुलाकडे नाहीये. यातून काय मिळालं ते तूही सांगू नकोस त्याला, नुसत्या आठवणी काढत बसा दोघं.

प्रश्न : ताई, शेजाऱ्यानं गॅलरी आमच्या बाजूला तीन फूट पुढे काढलीये, बोललं तर दादागिरी करतो, आणि त्याचा धंदा दिवसेंदिवस वाढतोय. एका पंडितजींनी सांगितलं नलखेड्याला बगलामुखीला मिरचीचं हवन करा, शत्रू गप्प होईल. खर्च बराच सांगितलाय. करू का? – वाचक, इंदूर

उत्तर : नलखेड्याला जरूर जा, लखुंदर नदीकाठचं देऊळ आहे, दर्शन घ्या, आगर-माळव्याकडचा तो रस्ता पण पावसाळ्यानंतर सुरेख असतो. हवन मात्र शेजाऱ्याच्या नाशासाठी नको. तीन फूट गॅलरीसाठी देवीला मिरच्या? आणि समजा त्याला खरंच काही झालं तर तुम्हाला झोप लागेल का हो? मला तर नसती लागली.

तुम्ही आधी नगर निगमच्या इंदूर ३११ अ‍ॅपवर तक्रार टाका, निगमच्या झोन ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पावती घ्या. त्यानं नाही भागलं तर वकील. आणि फोटो सकाळी काढा, दुपारनंतर तुमच्या बाजूला सावली येत असेल तर त्यात काही दिसायचं नाही.